दाळ न खाणारे मिस्त्री

मी चाचांना दीड महिना रोज केळी खाऊ घातली आणि डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही.

साऱ्या लातुरात दाळ न खाणारा एकच माणूस असेल, तर ते आमचे हे शेजारी. उभा जन्म दाळमिलवर मिस्त्री म्हणून गेला. तूर दाताखाली धरून ओल सांगायचे, मुठीत फिरवून शिवार सांगायचे. काम सुटल्यावरही रोज सकाळी पायी मोंढ्यात जायचे, कारण अडते त्यांच्या मुठीवाचून सौदा करीत नसत. पण ताटात वरण आलं की चाचा ते खात नसत, तपासत. एखादा कच्चा दाणा सापडला की चिमटीत उचलून, "ही दुसऱ्या नंबरची," म्हणायचे आणि वाटी परत जायची. पालेभाजीत त्यांना माती दिसे, भाकरीत खडा लागे. चाची होत्या तोवर दटावून खाऊ घालत. त्या गेल्या आणि चाचा चहा-पावावर राहिले.

मग पायांत गोळे येऊ लागले. रक्तात पोटॅशियम कमी निघालं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, आठ दिवसांनी या, आणखी एक तपासणी करू. पण मी पडलो तीस वर्षं रेणापूरच्या शाळेत फळ्यावर लाल खडूनं मूत्रपिंड काढलेला माणूस. "तपासणी कशाला? पोटॅशियम म्हणजे केळी!" असं जाहीर करून मी रोज अर्धा डझन घेऊन हजर. चाचांनी गुरुजीचा मान राखला. केळी संपत, गोळे संपेनात. मी डझनावर गेलो. सहाव्या आठवड्यात पायरीवर त्यांचा पाय लटपटला आणि खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात कळलं, अंगात मॅग्नेशियमच नव्हतं. ते नसलं की मूत्रपिंडाला पोटॅशियम धरून ठेवता येत नाही. वरून कितीही द्या, लघवीवाटे निघून जातं. दाळी, पालेभाजी, भाकरी, जे टाळलं त्यातच ते होतं. चाचा खाटेवरून बोलले, "समजलं की, गुरुजी. दाळ वेचणाऱ्या बायाच कामाला न्हाईत, अन् तुम्ही वरून पोत्यावर पोतं वतून राहिले. चांगला माल सगळा भुशात!"

तीस वर्षं शिकवून मला हे इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं.

आता गोळे थांबलेत. हाडही सांधलं, पण मोंढा लांब पडला. चाचा वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. मी मोंढ्यातून मूठभर तूर पुडीत नेतो. ते मुठीत फिरवतात, "मुखेडकडची हाय," म्हणतात. खरं-खोटं मला कुठे कळतं? आणि दुपारी वाटीभर वरण मुकाट्यानं, न तपासता पिऊन टाकतात. ते मात्र बघवत नाही.

हाड मोडल्यापासून त्यांची लेक सासरहून येऊन राहिली आहे. काल निघताना मी तिला विचारलं, "उद्या काय आणू, बेटी?"

"काही नको, गुरुजी. हात हलवत या," ती म्हणाली. "अन् डॉक्टरची तारीख असली, त्या दिवशी तर येऊच नका."