उस्तादांच्या चोपन्न पायऱ्या

उस्तादांना एका जागी बसवणं त्यांच्या थोरल्या बहिणीलाही कधी जमलं नाही, तिथे डॉक्टरांची काय कथा! चाळीस वर्षं गाड्यांवर रंगाचे फवारे मारण्यात गेली. आता फुफ्फुसं कामातून गेलेली. मोरीपर्यंत गेलं तरी धाप लागायची. तरी हा माणूस पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून खिडकीत.

"अहो, जरा टेका की!" बायको म्हणायची.

"टेकून टेकूनच जीव जाईल माझा," ते खेकसायचे.

खरं दुखणं वेगळंच होतं. ती थोरली बहीण पलीकडच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहायची. आई गेल्यावर तिनेच यांना वाढवलेलं. मांडीचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. तिला खाली येता येईना, यांना वर जाता येईना. नऊ महिने दोघं नुसती फोनवर भांडत होती. "तू येऊ नकोस रे, दमशील," ती म्हणायची आणि हे तिच्यावरच डाफरायचे. फोन ठेवला की डोक्यात एकच भुंगा: भेटीआधीच ही गेली तर?

म्हणून रुग्णालयातल्या व्यायामवर्गात नाव घातलं. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. ज्यांना श्वास पुरत नाही त्यांनाच चालवायचं, वजनं उचलायला लावायची, हा उस्तादांना शुद्ध आचरटपणा वाटला. पण पायांत बळ आलं की तेच काम कमी दमात भागतं, असं वर्ग घेणाऱ्या बाईंनी समजावलं. बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, आवाज मात्र हवालदाराचा.

चार आठवडे झाले. एक निवृत्त शिक्षिका तर गाणं गुणगुणत सायकल मारू लागली. उस्ताद जिथल्या तिथे. लाकडी पायरीवर सहाव्यांदा चढले की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि बोटाला लावलेल्या यंत्रातला प्राणवायूचा आकडा घसरायचा.

"उद्यापासून मी येत नाही," ते म्हणाले.

"थांबा. पुन्हा चढा, मला तुमचं तोंड बघू दे." उस्ताद चढले. बाईंनी कपाळावर हात मारला. "काका, तुम्ही चढताना श्वासच कोंडून धरता!"

उस्ताद ओशाळले. फवाऱ्याचा घोडा दाबला की श्वास रोखायचा, पट्टा मारून झाला की सोडायचा. हात हलू नये, रंग नाकात जाऊ नये, म्हणून लहानपणी कारखान्यात लावलेली ही शिस्त. ती इतकी मुरली होती की कशालाही जोर लावायचा म्हटलं, की श्वास आपोआप बंद. नाकावर मास्क लावायचा मात्र त्यांना जन्मभर कंटाळा.

"आता उलटं करायचं," बाई म्हणाल्या. "जोर लावताना श्वास सोडायचा. गरम चहावर फुंकर घालतो तसा, हळू."

"चाळीस वर्षांची सवय अशी मोडते होय?"

"नसेल मोडायची तर बसा घरी."

झालं! बादली उचलताना फुंकर, चप्पल घालताना फुंकर. "माझ्यावर मंतर टाकताय की काय?" बायकोने विचारलं. चिडचिड झाली, दोनदा वर्ग बुडवला, पण शेवटी पायरीवर वीस वेळा चढणं जमलं.

वर्ग संपला त्याच दुपारी, घरात कुणाला न सांगता, ते बहिणीच्या जिन्यापाशी जाऊन उभे राहिले. चोपन्न पायऱ्या. पहिला मजला सुरळीत पार पडला. दुसऱ्यावर घाई नडली. कठडा धरून ओणवं व्हावं लागलं, छाती भात्यासारखी हलू लागली. परत फिरावं असं मनात आलं आणि स्वतःचीच चीड आली. फुंकर घातली. एक पायरी. थांबले. आणखी एक.

वर पोचून त्यांनी दारावर थाप मारली, तर दार आपसूक उघडलं. भाची धावत आली.

"मामा! तुम्ही कसे चढलात?"

"दार... उघडं?"

"आई कडी लावूच देत नाही दिवसभर. अकरा महिने हेच चाललंय. म्हणते, तो येईल तेव्हा दमलेला असेल, त्याला बाहेर ताटकळत ठेवू नका."

आतल्या खाटेवरून बहिणीने मान वळवली. उस्ताद दारातच मोठ्याने रडू लागले.