अंगठ्याखालचं पितळ

बीडच्या माझ्या खोलीत कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात एक चपटी पेटी असते. आत काळा फोम, फोममध्ये कापलेले खळगे आणि प्रत्येक खळग्यात एकेक फिजेट, म्हणजे बोटांना चाळा देणारी वस्तू. घरमालकीणबाईंनी पेटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांना वाटलं सोनंनाणं आहे. मी उघडून दाखवली. त्यांनी एक भोवरा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि "अगं, ही तर खेळणी!" म्हणत अशा चेहऱ्यानं परत ठेवला, की पेटी त्यांच्या बोटांवरच बंद करावी असं मला वाटलं.

खेळणीच आहेत, मान्य. मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. वर्गभर पोरं पेपर लिहीत असताना बाईनं नुसतं खुर्चीत बसायचं असतं आणि मला नुसतं बसता येत नाही. हात शिवशिवतात. आधी मी पेनांची टोपणं चावायचे. मग बसस्टँडसमोरच्या गाड्यावरून प्लास्टिकची एक फिरकी घेतली आणि तिथून घसरले ती घसरलेच. असले हातचाळे जमवणाऱ्यांची एक अख्खी जमात आहे हे मला मोबाईलनं दाखवलं. ही मंडळी एकमेकांना आपापल्या पेट्यांचे फोटो पाठवतात आणि कुठल्या तुकड्याचा आवाज जास्त गोड यावर तावातावानं भांडतात. मीही भांडते, आणि बहुतेक वेळा माझंच बरोबर असतं.

माझ्या पेटीतला सगळ्यात दुर्मिळ तुकडा म्हणजे पितळेचा स्लायडर. कोल्हापूरकडचे एक लेथवाले पंपाचे भाग करता करता फावल्या वेळात हे बनवायचे. मोजकेच केले, मग कंटाळले आणि थांबले. मागणारे खूप झाले म्हणून त्यांनी नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि चक्क माझी चिठ्ठी निघाली. एरवी मला रेशनच्या रांगेतसुद्धा नशिबानं कधी हात दिलेला नाही. स्लायडर म्हणजे काडेपेटीएवढ्या दोन पट्ट्या, एकीवर एक. आत लोहचुंबक बसवलेले. वरची पट्टी अंगठ्यानं ढकलली की ती जरा अडते, मग सुळकन सरकते आणि टक करून बसते. तो टक मी झोपेतसुद्धा ओळखला असता. हात लागला की पितळ काळवंडतं, म्हणून मी तो सुती फडक्यानं धरायचे आणि सणावाराला काढावा तसा काढायचे.

दादा, म्हणजे माझे वडील, गावी असतात. शिरूर कासार तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू आहे, दोन म्हशी आहेत. गणपतीच्या सुमारास दादांच्या तोंडाची आग व्हायला लागली. ठेच्याशिवाय ज्यांचा घास उतरत नसे, ते दुधात भाकरी कुस्करून खायला लागले. मी त्यांना बीडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून गाल आतून पाहिला. पांढरा चट्टा होता.

"तंबाखू आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "संक्रांत झाली की परत या. चट्टा गेला तर उत्तम. नाही गेला तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

काय तपासायचं ते डॉक्टर बोलले नाहीत आणि दादांनी विचारलं नाही. एसटीत दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो. मी लई घाबरले होते.

दादांनी त्याच दिवशी तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी गटारात टाकली. "सोडली म्हंजी सोडली," म्हणाले. तोंडानं सोडली होती, हातांनी नाही. आयुष्यभर त्या हातांनी एकच काम केलेलं. डाव्या तळव्यावर चिमूट घ्यायची, नखानं चुना लावायचा, उजव्या अंगठ्यानं मळत राहायचं, दोन थापा मारून धूळ उडवायची आणि स्वतः बार भरायच्या आधी शेजारच्यापुढे तळवा करायचा. आता तळवा रिकामा असला तरी अंगठा चालूच. रिकामा अंगठा मग दिसेल त्यात घुसायचा. थोड्याच दिवसांत मायचा फोन आला.

"गोधडीचे दोरे उसवलेत. बाजंची सुतळी सोडवली. काल तर टीव्हीच्या रिमोटची बटनं उपटून ठिवली. तुज्याकडं ती हातचाळ्याची पेटी हाय नव्हं? घिऊन ये माय, न्हाई तर मीच बार भरून देते त्यान्ला."

आणखी एक गोष्ट मायनं जाता जाता सांगितली. दादांनी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर जाणं बंद केलं होतं. तिथं कुणीतरी तळवा पुढे करणार आणि आपल्याच्यानं नाही म्हणवणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळभर माणूस अंगणात एकटा बसून राहायचा.

रविवारी मी पेटी घेऊन गेले. आधी फिरकी दिली. दादांनी ती फिरवली आणि थांबेपर्यंत मन लावून पाहिली.

"आता?"

"आता परत फिरवायची."

"कावून?"

मग रबरी बुडबुड्यांची चकती दिली, ते बुडबुडे दाबायचे असतात. "ह्ये गोळ्यांचं पाकीट हाय का?" म्हणून त्यांनी ती मायकडे सरकवली. भोवरा फिरत फिरत कणगीखाली गेला तो काठीनं काढावा लागला. चुंबकाचे गोळे म्हशीच्या साखळीला जाऊन चिकटले आणि म्हैस बिथरली. स्लायडरच्या खळग्यावर मी सहज ठेवल्यासारखा हात ठेवला होता. दादांनी तो हात बाजूला केला.

त्यांनी स्लायडर डाव्या तळव्यावर ठेवला आणि उजव्या अंगठ्यानं ढकलला. टक. परत ढकलला. टक. तंबाखू मळताना अंगठा जसा जातो, अगदी तसाच तो जात होता. एवढे दिवस मी या तुकड्याबद्दल अनोळखी माणसांशी भांडत आले होते आणि हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दादांनी डोळे अर्धवट मिटले.

"ह्यो ऱ्हाऊ दे," म्हणाले.

"दादा, तो जरा…" मी सुरू केलं. मायनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं सुती फडकं पुढे केलं आणि यानं धरत जा म्हणाले. पुढच्या रविवारी त्या फडक्यानं माय दुधाची किटली पुसत होती. स्लायडरवर हळद होती, सरकीच्या पेंडीचं तेल होतं आणि मधोमध अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. आमच्या जमातीत अशा तुकड्याला काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही.

पण खिशात स्लायडर आला आणि दादांना फाट्यावर जायचा धीर आला. मला त्या दिवशी बीडची बस धरायची होती म्हणून मीही सोबत गेले. टपरीच्या बाकड्यावर मेंढरंवाले काका होते. ते दादांचे लहानपणापासूनचे सोबती. एकेकाळी मोठा कळप राखायचे. आता मेंढरं थोडीच उरलीत आणि दिवाळी आली की नवराबायको ऊसतोडीला जातात. दादा त्यांच्या शेजारी बसले. अंगठा सुरू झाला. काकांनी रस्त्याकडे बघता बघताच तळवा पुढे केला, जन्मभर केला तसा.

"काढ."

दादांनी तळव्यावर स्लायडर ठेवला.

काकांनी न बघता चिमूट उचलायला बोटं नेली. हाताला चिमूट लागेना तेव्हा खाली पाहिलं. "नवी डबी घेतली का बे? झाकण कुटंय हिचं?" आणि त्यांनी नख घालून पट्ट्या उचकटायला सुरुवात केली.

"काका, नको!" मी ओरडले. टपरीवाल्याच्या हातातून गाळणं पडलं.

"डबी न्हाई ती," दादा हसून म्हणाले. "निसती सरकिव."

टक. काकांनी भुवया उंचावल्या. टक, टक. मग बाकड्यावरच्या पुढच्या माणसानं तळवा केला, मग त्याच्या पुढच्यानं. स्लायडर अख्ख्या टपरीवर फिरला. कुणाच्या हाताला गूळ, कुणाच्या हाताला ग्रीस. माझी बस आली आणि गेली. मी तिच्याकडे बघितलंही नाही, तुकडा परत येईपर्यंत तिथंच पाय रोवून उभी राहिले. मनात म्हटलं, या माणसाचे हात रिकामे आहेत असंच आपण समजत होतो. त्यांना शेजारच्याच्या तळव्यावर ठेवायला काहीतरी हवं होतं. दादा कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसत होते. मला फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी माझ्या पितळेसाठी जीवही तुटत होता.

दिवाळीला घरी गेले तर दादांचा तळवा मोकळा.

"स्लायडर कुठंय?"

"दिला."

"कुणाला?"

मेंढरंवाल्या काकांना. ऊसतोडीचा ट्रॅक्टर आदल्याच दिवशी गेला होता. "त्याच्या बी गालाला लागायलंय," दादा म्हणाले. "बायको रडत व्हती त्याची. तिकडं पाचटात बसून दिसभर तंबाखूच खातेत गडी. मग म्हन्लं, घिऊन जा."

माझा तोल सुटला. "दादा, तसला दुसरा मिळत नाही! करणारेच थांबलेत! चिठ्ठी निघाली होती माझी!"

"बरं मग, तुला चिठ्ठीनं मिळाला, त्याला म्या दिला."

"आणि तुम्ही? तुमच्या हाताला काय आता? परत तंबाखूच ना?"

दादा उठून म्हशींकडे गेले. मी चुलीपाशी बसून रडले. माय म्हणाली, पितळेच्या तुकड्यासाठी सणासुदीला एवढं रडतात का. मला पितळेचं काही वाटत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे तो चट्टा होता आणि आता दादांना आवरणार कोण, हे समजत नव्हतं.

पेटी तशीच गावी ठेवून मी बीडला आले. दादांनी ती उघडलीसुद्धा नाही. पण मायनं फोनवर नवीनच सांगितलं. दादा तळवा धरून बसतात, रिकामाच अंगठा सरकवतात आणि जिभेनं टक करतात. "येड लागलंय," माय म्हणाली, पण तंबाखूचं नाव तिनं घेतलं नाही. शिवाय रोज दिवस मावळला की काकांचा फोन यायला लागला होता. दोघंही फोनवर बोलणारी माणसं नव्हेत. बरं हाय का, बरं हाय, एवढ्यावर त्यांचं संपायचं. मग काका स्लायडर फोनजवळ धरायचे आणि टक करायचे. म्हणजे, आज खाल्ली नाही. इकडून दादा जिभेनं टक करायचे. म्हणजे, म्या बी न्हाई. मग दोघंही फोन ठेवायचे.

एका रविवारी मी घरी असतानाच फोन आला. तिकडून टक काही येईना. नुसतं खाकरणं.

"आज खाल्ली बे," काका शेवटी म्हणाले.

दादांनी त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या ऐकून माय आत निघून गेली. "उद्याच्याला टक आला न्हाई तर ट्रॅक्टर धरून तिकडं येतो आन तुझे दात पाडतो. मग बस चघळत!"

दुसऱ्या दिवशी टक आला. मायनं तो मला ऐकवायला मुद्दाम स्वतःच्या फोनवरून मला फोन लावून तो दादांच्या फोनजवळ धरला होता. मला त्या आवाजात लगेच फरक कळला. खणखणीतपणा गेला होता. पट्ट्यांमध्ये माती शिरली होती, उसाचा रस शिरला होता. आवाज भरडल्यासारखा येत होता. मला राहवेना. "काका, अधूनमधून पुसत जा हो त्याला," मी ओरडले. "हाव माय," म्हणाले. पुसला असेल असं वाटत नाही.

संक्रांत झाली. तिळगूळ वाटून दुसऱ्याच दिवशी आम्ही बीडला डॉक्टरांकडे गेलो. बाहेर बाकावर बसल्यावर दादांचा अंगठा एकसारखा सरकत होता आणि जीभ टक टक करत होती. समोरच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. आत गेल्यावर डॉक्टरांनी बॅटरी लावली, गाल ओढून पाहिला, परत पाहिला.

"जवळजवळ गेलाय," डॉक्टर म्हणाले. "तुकडा काढायची गरज नाही. येत राहा मात्र. आणि तंबाखूला हात लावायचा नाही."

बाहेर आल्यावर दादा जिन्यातच थांबले. "फोन लाव," म्हणाले. मला वाटलं मायला. "त्येला लाव," म्हणाले.

भर दुपार, तोडीची वेळ. दोनदा लावल्यावर काकांनी उचलला. मागं कोयत्यांचे आवाज येत होते. दादांनी फोन तोंडाशी धरला. त्यांनी जिभेनं टक केलं.

"आरं, डाक्टर काय म्हन्ला?"

दादांनी परत टक केलं.

तिकडून "थांब, हात भरलेत" असं पुटपुटणं, आणि लांबून, कचकच वाळू वाजावी तसा, टक. एवढा बिघडलेला आवाज मी कुठल्याच तुकड्याचा ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

दादांनी फोन माझ्याकडे दिला. काका म्हणाले, "माय, आमी आलो की मला बी दाव त्या डाक्टरला."

"दाखवते काका. आल्या आल्या नेते."

"आन ह्ये तुजं पितळ आनतो परत. घासून पुसून देतो."

"घासू नका," मी म्हणाले. "आणूही नका. राहू द्या तुमच्याकडंच."

दादांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि जिभेनं टक केलं.