ओट्याखालची सागवानी दारं

आर्णीच्या कोकिळाबाईंनी सगळा संसार दुसऱ्यांच्या पसंतीच्या स्वयंपाकघरात केला. आधी सासूच्या, मग नवऱ्याच्या, नानाजींच्या. नानाजी वारले, पोरगी निशिगंधा यवतमाळला नांदायला गेली, तेव्हा एकट्या उरलेल्या बाईंनी ठरवलं, मरायच्या आत एक तरी ओटा आपल्या मनासारखा करायचा. हौसेला मोल नसतं, आणि उशिरा आलेली हौस फार हट्टी असते.

दिग्रसहून देवीलाल सुतार आला. त्यानं नमुन्याचे तुकडे ओट्यावर मांडले. एमडीएफ पाण्यानं बिस्किटासारखं फुगतं, म्हणून ते बाद. प्लायवर सनमायका लावू म्हणाला, तर बाई म्हणाल्या, "वरून देखणं अन् आतून भुसा, असं नाही पाहिजे मले. सपाट दार पाहिजे, पण अस्सल सागाचं."

"सागाची रुंद फळी आता कुठी भेटते, बाई?"

"माह्या गोठ्यात हाये."

गोठ्यात भिंतीकडे तोंड करून माणूसभर लांबीची एक फळी उभी असायची. नानाजी तिला हात लावू देत नसत. बाईंना तो त्यांचा कंजूषपणा वाटे, आणि नानाजी कंजूष होतेच.

देवीलालनं फळीवर हात फिरवला. "याले रंधा कायले लागते? लोण्यावानी गुळगुळीत हाये." त्यानं तिची तीन दारं केली. ती इतकी सुरेख दिसली, की बाईंनी त्या दिवशीचा चहा ओट्यासमोर उभं राहूनच घेतला.

काही दिवसांनी एका सकाळी मधलं दार ओलं दिसलं. पुसलं, तर पुन्हा ओलं. नळ कोरडा, भिंत कोरडी. दाराला हळदीचा वास येत होता.

तेवढ्यात शेजारचे रामराव फाटकाशी येऊन उभे राहिले. हाक मारली तरी बोलेनात. गोठ्यात गेले, रिकाम्या हातानं परत आले. त्यांच्यामागून त्यांची नवी सून शीला धावत आली.

"काकू, आमची कांताआजी गेली. आंघोळ घालाची फळी द्या."

रामरावांचा चेहरा उतरला. "ते फळी तोंडानं मागत नाहीत, पोरी," ते हळूच म्हणाले. "मुकाट्यानं उचलून न्या लागते. मागितली, तं देणाऱ्याच्या घरचं माणूस जाते."

गल्लीतल्या प्रत्येक मेलेल्या माणसाला त्याच फळीवर न्हाऊ घालत; नानाजी होते तोवर पुरुष ती गोठ्यातून परस्पर नेत-आणत. नानाजींनाही. तेव्हा बाया कोकिळाबाईंना आतल्या खोलीत धरून बसल्या होत्या, म्हणून त्यांना हे माहीतच नव्हतं.

बाईंनी पेचकस आणून दारं उतरवली. रामरावांच्या अंगणात तिन्ही दारं शेजारी-शेजारी मांडून म्हातारीला आंघोळ घातली. नंतर सगळे म्हणाले, फेकून द्या. बाई घाबरल्या होत्याच, पण राग भीतीहून मोठा होता.

"जन्मात एक हौस केली," त्या म्हणाल्या. "अन् ते बी याच्यावरच निजले होते ना? बसवा परत."

तेव्हापासून रोज चहाच्या आधी त्या दारांना हात लावत. कोरडी असली की गॅस पेटवत.

काल तिन्ही दारं ओली होती. बाईंनी पेचकस काढून ठेवला, फाटक उघडलं आणि पायरीवर बसून राहिल्या. रामराव गेले, शीला गेली, गल्लीतलं एकेक माणूस समोरून गेलं. सगळे धडधाकट, सगळे दोन शब्द बोलून गेले. ऊन उतरलं तरी फाटकाशी कोणी मुकं उभं राहिलं नाही.

मग बाईंच्या ध्यानात आलं. या घरच्या माणसासाठी फळी न्यायला बाहेरून कोण कशाला येईल? ती तर घरातच आहे.