जर्मलचा गिलास

"ए पोरी, स्टीलचा नगं घिऊ. तुमचे तिकडं खिडकीत ठिवलेत."

कारखान्यातला माझा पहिला दिवस. जेवणाची सुट्टी झालेली. कँटीनच्या फिल्टरखाली मी गिलास धरला होता, अर्धा भरलाही होता. नानांनी तो माझ्या हातातून घेतला नाही. खाली ठेव म्हणून बोटानं दाखवलं. मी ठेवला. मग त्यांनी भांडी घासणाऱ्या बाईला हाक मारली आणि तो गिलास वेगळा घासायला सांगितला. सगळे जेवत होते. कुणाचा घास थांबला नाही.

खिडकीत तीन गिलास होते, जर्मलचे. आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियमला जर्मल म्हणतात. भीमनगरातल्या आम्ही तिघी कामाला लागलो होतो, म्हणून तीन. माणूस जातीला किती जपतो बघा, आधीच आणून ठेवले होते.

नाना म्हणजे गावचे मोठे बागायतदार. कंपनीला माळाची जमीन त्यांनी दिली आणि त्या बदल्यात कामगार पुरवायचा ठेका घेतला, कँटीनही घेतलं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला उद्यापासून येऊ नको म्हणायचं, ते त्यांच्या शब्दावर. मला काम पाहिजे होतं. मी गिलास उचलला आणि पाणी पिले. त्या पाण्याची चव मी विसरलेले नाही, विसरायचीही नाही.

काम मला आवडायचं, हे खरं सांगते. तापलेल्या जर्मलच्या कांड्या यंत्रातून दाबून लांब पट्ट्या निघायच्या. आम्ही त्या मापात कापायच्या, बांधायच्या. त्यातून खिडक्या होतात, दारं होतात. आमच्या मालावर लोहारा गावाच्या बाजूला खिडक्या बनवणारी दुकानं निघाली, पोरं कामाला लागली. जीपमधून जाताना एखाद्या नव्या घराची सरकती खिडकी दिसली, की माझी मान आपोआप वर व्हायची. मी कापलेली पट्टी लोकांच्या देवघराच्या खिडकीला चालत होती. तिला विटाळ नव्हता. विटाळ फक्त माझ्या ओठांना होता.

पुढं कंपनीनं दुसरं यंत्र आणलं. त्याच्या उद्घाटनाला रस्त्यावर मोठा फलक लागला. 'स्थानिकांना रोजगार, परिसराचा विकास.' खाली फोटो माझा. पिवळं हेल्मेट, हातात पट्टी, मी हसतेय. फोटो काढणाऱ्यानं तीनतीनदा हसायला लावलं होतं. आई फलकाखाली उभी राहून बघून आली. नाना त्या फलकाखालून गाडी घेऊन रोज यायचे आणि मला खिडकीकडं बोट दाखवायचे.

उद्घाटनाला शहरातून पाहुणे आले. कंपनीचे मोठे साहेबही शहरातलेच. गोड बोलणारे, सगळ्यांना 'ताई' म्हणणारे. भाषणात त्यांनी गावाचे आभार मानले, आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग सगळे कँटीनमध्ये चहाला आले. साहेबांना पाणी हवं होतं. त्यांची नजर खिडकीत गेली.

"अरे वा! आपल्याच धातूचे गिलास! ही कल्पना कुणाची?"

त्यांना काय माहीत. त्यांना वाटलं, कंपनीच्या कौतुकानं कुणीतरी सजवून ठेवलेत. त्यांनी माझाच गिलास उचलला, भरला, फोटोवाल्यासमोर उंच धरला आणि घोट घेतला.

"पाहुण्यांनाही यातच द्या पाणी."

नाना दारातून पळत आले. एवढं जड शरीर, पण काय पळाले!

"साहेब, त्यातलं नगा पिऊ!"

"का हो?"

"त्ये... धुतल्याले न्हाईत."

"धुतलेत की," मी म्हणाले. "सकाळी मीच धुतलेत."

मी बोलणार आहे, हे मलाही माहीत नव्हतं. पण नानांचं तोंड उतरलेलं बघितलं आणि ठरवलं. सोडायचं नाही, आज सोडायचं नाही.

"सांगा की नाना, का नगं? साहेब इचारायलेत."

"ए, गप ऱ्हा. पाव्हणे हायेत."

"पाव्हण्यासमोरच सांगा. आमाला तर रोज सांगताव."

नाना घामानं भिजले. जे वाक्य आम्हाला ते जेवता जेवता फेकायचे, ते पाहुण्यांसमोर त्यांच्या घशात अडकलं. मला आनंद झाला. लई आनंद झाला, लपवत नाही. शेवटी मीच सांगितलं. "साहेब, ह्ये आमच्या भीमनगरच्या बायांचे गिलास हायेत. स्टीलच्या गिलासाला आमी शिवायचं न्हाई, म्हणून नानांनी ह्ये येगळे ठिवलेत."

साहेबांनी गिलास हळूच खाली ठेवला. खिशातून रुमाल काढला आणि ओठ पुसले. पाणी पुसायला एकदा पुसलं तर पुरतं. ते पुसतच राहिले. मग नानांकडं वळून म्हणाले, "हा तुमचा गावचा विषय दिसतोय. तुम्ही आपसात बघून घ्या."

नानांवर माझा राग होताच. त्या रुमालानं मला दुसरा माणूस दाखवला. एक दूर बस म्हणतो, दुसरा ताई म्हणतो, आणि दोघांचे ओठ सारखेच.

दुसऱ्या दिवशी फाटकावरच मला अडवलं. काम गेलं. मी तिथून तशीच पोलीस ठाण्यात गेले आणि अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार दिली. गुन्हा दाखल झाला. नाना जामिनावर सुटले. सुंभ जळाला, पीळ तसाच.

मग एके दिवशी ते आमच्या दारात आले. जन्मात भीमनगरात पाय न टाकलेला माणूस आमच्या बाजेवर बसला. आई घाबरून गेली. चांगली कपबशी काढून तिनं चहा पुढं केला.

"नगं माय. आज उपास हाय."

"नाना, उपासाला च्या चालतो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कप उचलला. डोळे मिटून, औषध घ्यावं तसा सगळा चहा पिऊन टाकला. कप ठेवला आणि तोंड वर केलं. डोंगर उचलल्यासारखा चेहरा.

"झालं का समाधान? आता क्येस मागं घी. कंपनीत कायम करतो तुला. साहेबाचा सबुद हाय."

आई हात जोडत म्हणाली, "घी गं बाई. झाकली मूठ ऱ्हाऊ दे."

आयुष्यभर तिनं वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेललं, आणि आज स्वतःच्या घरात ती हात जोडून उभी होती. मी तिचे हात धरले, खाली केले. मग नानांना म्हणाले,

"च्या आईनं पाजला, नाना. क्येस मी केलीया."

ते उठून गेले. जाताना दारात थुंकले.

आता मी बाजारातल्या एका खिडक्यांच्या दुकानात पट्ट्या कापते. माल त्याच कंपनीचा येतो. रोजगार दिला, असं ते अजून छापतात. माझं काम मी परत घेणार आहे, पण नानांच्या शब्दावर नाही, साहेबाच्या उपकारावर नाही. आधी कोर्ट. नानांना पिंजऱ्यात उभं करणार, आणि साहेबाला साक्षीला बोलवा म्हणून वकिलाच्या मागं लागणार. काय प्यालात, मग काय पुसलंत, सांगा म्हणावं सगळ्यांसमोर. तारखेवर तारीख पडू दे. मी प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर बसलेली असेन.