ग्रॅनाईटला आंबट चालत नाही

चार बायका एका गल्लीत वर्षानुवर्षं राहिल्या की किस्से साठतातच. ओटा रोज पुसला तरी शेगडीमागच्या कोपऱ्यात काहीतरी चिकटून राहतं, तसंच हे. दुपारची भांडी झाली की आम्ही मालूताईंच्या दारात तांदूळ निवडायला बसायचो, आणि त्या काळातले आमचे निम्मे किस्से एका दगडाचे आहेत. हसण्यासारखे आहेत म्हणून सांगायला घेते खरं, पण सांगता सांगता माझं डोकं फिरतं. ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

*

कोल्हापुरात तेव्हा ओटा म्हणजे कडप्पा. पुष्कळ घरांत तोही नव्हता. स्टोव्ह जमिनीवर आणि बाई पाटावर. मालूताईंचे गुडघे तरुणपणापासून दुखायचे. त्यांनी नवऱ्याजवळ, म्हणजे बापूसाहेबांजवळ, अख्ख्या संसारात एकच हट्ट धरला होता : उभं राहून स्वयंपाक करता येईल असा ओटा हवा.

बापूसाहेबांची फौंड्री तेव्हा जोरात चालली होती. ते म्हणाले, कडप्पा कसला घेऊन बसलीस, ग्रॅनाईट बसवू. गल्लीत कुणी ग्रॅनाईट पाहिलासुद्धा नव्हता. टेम्पो कर्नाटकातून आला, फौंड्रीतल्या पोरांनी तो काळाभोर दगड खांद्यावर घेतला आणि आम्ही सगळ्या दारात उभ्या राहून लग्नाची वरात बघावी तशा बघत राहिलो. मालूताईंचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. नव्या नवरीचा असतो तसा.

ओटा बसला. बापूसाहेबांनी आईला, म्हणजे आज्जींना, हाताला धरून आणलं आणि म्हणाले, बघ, तोंड दिसतंय ह्यात.

आज्जींनी वाकून बघितलं. म्हणाल्या, "तोंड बघाय आरसा हाय की न्हाणीत. ह्याच्यावर काय शिजवायचं ते सांग."

*

पूजेचा दिवस. भटजी यायला उशीर झाला म्हणून आज्जींनी आपल्या हातानं ओट्याची पूजा केली. हळदीकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. नवी वस्तू घरात आली की नारळ फोडायचा, मग ती मोटार असो नाहीतर पाण्याचा पंप, हे आमच्याकडं ठरलेलं. आज्जींनी नारळ घेतला आणि ज्याची पूजा केली त्याच्याच कडेवर दणकन हाणला!

नारळ फुटला. कडेचा टवकाही उडाला.

बापूसाहेब आईला काही बोलू शकत नव्हते. मग ते बायकोकडं वळले. "तू इथंच हुतीस न्हवं? तुला सांगता आलं न्हाई?"

मालूताई प्रसादाचं खोबरं कातत होत्या, त्या कातत राहिल्या. आज्जींनी मान खाली घातली आणि त्यासुद्धा गप्प राहिल्या. सासवा असंच करतात, असं आम्ही तेव्हा म्हणालो होतो.

*

त्या टवक्यानंतर नियम सुरू झाले. पॉलिशवाल्यानं चार गोष्टी सांगितल्या होत्या, बापूसाहेबांनी त्याच्या चाळीस केल्या. राख नको, काथ्या नको, सोडा नको. मऊ फडकं, कोमट पाणी आणि लगेच कोरडं. आम्ही गेलो की आम्हालाही म्हणून दाखवायचे, पाढे म्हणावेत तसे. शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, "आणि ग्रॅनाईटला आंबट चालत न्हाई."

आंबट चालत नाही म्हणून चिंचेची आमटी मागच्या परड्यात, पत्र्याखालच्या जुन्या स्टोव्हवर गेली. मटण तर पहिल्यापासून परड्यातच होतं. मग हळदीचा डाग पडतो म्हणून भाजी गेली. तेल उडतं म्हणून फोडणी गेली. एकदा दूध उतू गेलं, त्या दिवसापासून दूधही गेलं. वरची गॅसची शेगडी पाहुण्यांच्या चहापुरती उरली, आणि मालूताई होत्या तिथंच, परड्यात जमिनीवर, पाटावर.

आमच्यातल्या नलूताई शाळेत शिकवायच्या. त्यांना प्रश्न विचारायची सवयच. त्यांनी विचारलं, "मग ओट्यावर आता होतं तरी काय?"

मालूताई म्हणाल्या, "फडकं वाळतंय की."

*

नलूताईंचाही एक सांगते, नाहीतर म्हणतील माझं नाव नुसतंच घेतलंस. ग्रॅनाईटची चमक बघून त्यांना त्यांचा कडप्पा मळका वाटायला लागला. देवळातली काळी मूर्ती तेल लावल्यावर कशी उजळते, तसं करू म्हणाल्या आणि खोबरेल ओतून ओटा चोळला. दोन दिवस खरंच चमकला. मग पिठाचा थर बसला, मुंग्या आल्या, आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी, त्याच शाळेत मास्तर असलेल्या त्यांच्या यजमानांच्या पांढऱ्या शर्टाची बाही त्याला चिकटली! यजमान जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

नलूताई रडकुंडीला येऊन मालूताईंकडं आल्या, तेव्हा मी तिथंच होते. मालूताईंनी आधी बापूसाहेब फौंड्रीत गेल्याची खात्री करून घेतली. मग हळू आवाजात सांगितलं, की तेल घासून जात नाही, उलट आत मुरतं. गव्हाचं पीठ पाण्यात कालवून दाट लेप करायचा, डागावर थापायचा, वर ओलं फडकं टाकून झाकून ठेवायचा. पीठ तेल ओढून घेतं. डाग जुना असला तर परत एकदा.

बापूसाहेबांच्या माघारी मालूताईंच्या हातून ओट्यावर एक-दोनदा तेल सांडलं होतं, तेव्हा जिवाच्या धास्तीनं त्यांनी हे शोधून काढलं होतं. "ह्यास्नी बोलू नका," म्हणाल्या. "डाग पडलावता हेच कळंल."

आम्ही दोघींनी कबूल केलं. नलूताईंचा ओटा त्या पिठानंच सुधारला.

*

थोरल्या मुलासाठी कोडोलीचं स्थळ आलं. माणसं शेतकरी, घरची गुरं असलेली. बापूसाहेबांनी मुलगा दाखवण्याआधी ओटा दाखवला. मुलीच्या आईनं त्यावरून हात फिरवला, हाताचा वास घेतला आणि विचारलं, एवढा सगळा सैपाक केला कुठं?

कुणी काही बोलायच्या आत त्या मागच्या दारानं परड्यात गेल्या. मालूताई पुऱ्या तळून नुकत्याच उठायच्या बेतात होत्या, पण त्यांना उठता येत नव्हतं. एक हात भिंतीला, एक स्टोव्हच्या बाजूला. त्या बाईनं काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

जेवणं झाली, पानसुपारी झाली. निघताना मुलीची आई बापूसाहेबांना म्हणाली, "ओटा लई झाक हाय पावणं. आन् माणसं कुठं ठेवता म्हणायची?"

स्थळ मोडलं. दोष कुणाचा ठरला? मागचं दार उघडं टाकलं म्हणून मालूताईंचा.

*

पुढं गुडघे इतके सुजले की मी स्वतः त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसायचं नाही, स्वयंपाक उभ्यानं करायचा. घरात ओटा आहे ना?

मालूताई म्हणाल्या, "हाय की."

मी घरी येऊन बापूसाहेबांना सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. त्यांनी नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी फौंड्रीतून लोखंडाचं एक स्टँड करून आणलं, परड्यात पत्र्याखाली उभं केलं आणि त्यावर स्टोव्ह ठेवला. "डॉक्टरनी उभं ऱ्हावा म्हटलं, झाली की सोय!" वर मला विचारलं, मजबूत आहे ना बघा. माणूस दुष्ट नव्हता, याचाच मला जास्त राग येतो. बायकोसाठी काहीतरी केलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्याच आठवड्यात त्यांनी ओट्याला कापडी खोळ शिवून घेतली.

*

मालूताई मेच्या उन्हात गेल्या. पत्र्याखाली, त्या स्टँडजवळ, भाकरी तव्यावर असताना. नलूताईंनी आणि मी त्यांना उचलून आत आणलं. तवा कुणी उतरवला, आठवत नाही.

संध्याकाळी सगळं आटोपून पुरुष परत आले. माणूस जिथं गेलं तिथं दहा दिवस दिवा ठेवायचा असतो. मालूताईंची धाकटी जाऊ समई घेऊन परड्याकडं निघाली, तशा आज्जी भिंतीला धरून उठल्या.

"तिकडं न्हाई. ओट्यावर ठेव."

बापूसाहेब म्हणाले, आई, ती परड्यात गेली, आणि तेल सांडेल तिथं.

आज्जी म्हणाल्या, "जित्तेपणी तिला हितं हुबं ऱ्हाऊ दिलं न्हाईस. धा दिस तरी ऱ्हाऊ दे."

त्यांनी खोळ काढली आणि समई ठेवली, बरोबर त्या उडालेल्या टवक्याच्या शेजारी. दहा दिवस तेल दुसऱ्या कुणाला घालू दिलं नाही. दिवा विझू नये म्हणून घालायच्या, आणि काठोकाठ भरला तरी घालत राहायच्या. तेल समईवरून उतरून ओट्यावर पसरायचं. पुसायला कुणी पुढं झालं की हात आडवा करायच्या. बापूसाहेब दारात उभे राहून बघायचे.

दहाव्यानंतर समई उचलली. खाली ताटाएवढा डाग होता, काळ्यावर काळा.

बापूसाहेबांनी तो मऊ फडक्यानं पुसला. मग कोमट पाण्यानं पुसला. मग राख, सोडा, काथ्या, जे जे चालत नव्हतं ते सगळं करून झालं. आम्ही जाता-येता खिडकीतून बघायचो, माणूस एकटाच उभा राहून घासतोय.

एके दिवशी मी चक्कीवरून येत होते. त्यांनी मला खिडकीतून हाक मारली.

"वहिनी, हिच्या हातनं इतक्या वर्सांत कधी डाग ऱ्हायला न्हाई बघा. काय लावायची, तुमच्यापाशी बोलली असंल की."

मी गरम पिठाचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

"नाही हो," मी म्हटलं. "मला कधी बोलल्या नाहीत."