बारा रकान्यांचा फोन

वडनेर भोलजीच्या अलीकडे पाटाचं पाणी सोडायचं मुख्य दार होतं. त्या दारावर पंजाबराव फोन घेत असत. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पाटावर पाच चौक्या होत्या आणि तार मात्र एकच. एक चौकीदार बोलायला लागला की बाकीचे चारजण कान लावून बसून राहायचे. म्हणून कचेरीतल्या साहेबांनी निरोप लिहून घ्यायला छापील कागद पाठवला होता, त्यावर बारा रकाने, एका रकान्यात एक शब्द. निरोप बारा शब्दांचा, तेरावा शब्द नाही!

आता आमच्याकडच्या माणसाला ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय कामाचं बोलताच येत नाही. पाचव्या चौकीच्या कडूबानं एकदा फोन केला, "राम राम पंजाबराव, बरं हाये ना? वहिनीची तब्येत कशी? इकडे पाटात मोठं..." बारा शब्द झाले. कडूबा नियमाचा पक्का, त्यानं फोन ठेवून दिला. मोठं काय, हे सायकलवर माणूस जाऊन येईस्तोवर कळलं नाही. पाटात बाभूळ आडवी पडली होती आणि पाणी काठावरून वाहत होतं. साहेब तापले. असा अर्धवट निरोप पुन्हा आला तर फोन काढून नेतो, म्हणाले. म्हणजे चौकीदारांनी पुन्हा निरोपासाठी कोस कोस पायपीट करायची.

पंजाबरावांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि घडी बसवली. आधी चौकी, मग काय झालं, मग किती, मग काय करायचं.

"आन् माणसाची इचारपूस?" बायकोनं, अन्नपूर्णाबाईनं, विचारलं.

"रकाने उरले तं."

"तुमी तं लई कोरडे हा बाप्पा!"

चौकीदारांनी घडी अशी गिरवली की विचारू नका. "चौकी दोन. पाणी ठीक." खट्ट. फोन बंद. साहेब खूश झाले. पंजाबरावांना मात्र करमेना. मध्येच अन्नपूर्णाबाई विहिरीवर घसरली, तिचा हात मोडला. सगळ्या पाटावर बातमी पसरली, पण फोनवर कोणी अवाक्षर काढलं नाही. पंजाबरावांना फार वाईट वाटलं, पण तक्रार करणार कोणत्या तोंडानं?

गहू ओंबीवर आला असताना एका दुपारी घंटा वाजली.

"चौकी पाच. भगदाड. हातभर. दार बंद करा."

पंजाबराव फोन तसाच टेबलावर टाकून धावले. त्यांनी आणि दारावरच्या गड्यानं मिळून चाक फिरवलं, दार खाली आलं. गव्हाची वावरं वाचली. धापा टाकत ते परतले, तर कडूबा अजून तारेवरच होता. मग हळूच म्हणाला,

"वहिनीच्या हाताचं पलस्तर निघालं काय?"

पंजाबरावांनी बोटांवर मोजलं. आधीचे सात, हे पाच. बरोबर बारा. भगदाडाचा निरोप लिहून उरलेल्या पाच रकान्यांत त्यांनी ते शब्दही सुवाच्य अक्षरात लिहिले आणि कागद तसाच कचेरीत पाठवला.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपनं आले. भगदाड पाहिलं, बुजवायला माणसं लावली. मग खिशातून तो कागद काढून त्यांनी पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचला.

"फोन राहू द्या," ते म्हणाले. जीप सुरू झाली, दोन हात पुढे गेली आणि थांबली. साहेबांनी डोकं बाहेर काढलं.

"पंजाबराव, निघालं का हो पलस्तर?"