बारा इंचाला एक सूत

शेजारच्या फ्लॅटमध्ये सुतारकाम चाललंय. चार दिवस झाले, सागवानाच्या भुशाचा तो कोरडा, किंचित तुरट वास जिन्यातून वर चढतो आणि माझ्या खिडकीत मुक्काम ठोकतो. काल दुपारी तो वास घेत मी चहा पीत बसले होते आणि आत लेकीनं तिची मालिका लावली होती. मालिकेतला एक देखणा शास्त्रज्ञ भविष्यातून येऊन स्वतःच्याच तरुणपणाला एक सूत्र देत होता. त्या सूत्राच्या जोरावर तो तरुण मोठा होणार, म्हातारा होणार आणि मग मागे येऊन तेच सूत्र पुन्हा स्वतःच्या हातात ठेवणार. लेक डोळे विस्फारून म्हणाली, "आई, कसलं भारी आहे ना!" माझं डोकं जे सणकलं म्हणता! भारी कसलं डोंबलाचं? ते सूत्र मुळात शोधलं कुणी, हे कुणी विचारायचंच नाही का? आणि मग लक्षात आलं की हा संताप माझा नव्हेच. तो मला माझ्या मामांकडून मिळालेला आहे आणि भुशाच्या वासानं तो जागा झालाय.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे आणि उद्यमनगरातल्या एका पंपाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचं लाकडी रूप करावं लागतं. ते वाळूत दाबून काढलं की ठसा उरतो आणि त्या ठशात लोखंडाचा रस ओततात. ते लाकडी रूप म्हणजे पॅटर्न. यातली गोम अशी की रस थंड होताना लोखंड आकसतं. बारा इंचाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आणि त्यासाठी मामांकडे एक वेगळीच पट्टी होती. तिच्यावरचा फूट जगाच्या फुटापेक्षा सूतभर लांब. एकदा मामीनं त्या पट्टीनं खिडकीच्या पडद्याचं माप घेतलं, तर मामा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. कोल्हापुरी माणसाचं न बोलणंसुद्धा चार घरांपर्यंत ऐकू जाईल असं असतं. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याला, भुवयांना, कानाच्या पाळीवरच्या केसांनासुद्धा सागवानाचा वास असायचा आणि आम्हा भाचरांना तो वास म्हणजे मामांचाच वास वाटायचा.

नव्वदीच्या मध्यावर, मी कॉलेजात असताना, रविवारी सकाळी एक मालिका लागायची. मामांच्या नव्या रंगीत टीव्हीसमोर अर्धी गल्ली बसलेली असे. तिच्यातल्या नायकाला वाड्याच्या भिंतीत एक जुनी वही सापडते. वहीत कालयंत्राचे आराखडे. तो यंत्र बांधतो, शंभर वर्षं मागे जातो आणि जाताना नेलेली तीच वही तिथं भिंतीत चिणून येतो, की पुढे आपल्याला सापडावी. भाग संपला, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मामा उभे राहिले. "आणि वहीत लिवलं कुणी? सांगा की!" मी शहाणपणा करून म्हणाले, "मामा, ते चक्र आहे. त्याला सुरुवातच नसते." झालं! "सुरवात न्हाय? अगं, चपाती गोल असती म्हणून ती काय आपोआप झाली व्हय? कुणीतरी कणीक मळली तवा झाली नव्हं? ज्या बिचाऱ्यानं ती वही लिवली त्याला ह्यांनी गाळला आणि ह्यो आयत्या बिळावर नागोबा! चोरी हाय ही, निव्वळ चोरी." मग त्यांना आणखी एक मुद्दा सुचला. ती वही दर फेऱ्याला शंभर वर्षं जुनी होणार. धाव्या फेऱ्याला चिंध्या, इसाव्याला भुगा. तो कसा होत न्हाय? पुढच्या रविवारी एक नातू काळात मागे जाऊन स्वतःच्या आज्याला मारायला निघाला, तेव्हा तर मामा म्हणाले, मशीन ऱ्हाऊ दे, ह्याला आधी चार ठेवून द्या कुणीतरी.

सगळे हसत होते. मामा मात्र मनापासून दुखावलेले होते. त्यांनी मला समोर बसवून मालिकेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहायला लावलं: वहीतील मजकूर प्रथम कोणी लिहिला ते कृपया कळवावे. उत्तर आलं नाही. दोनदा त्यांनी पोस्टमनला अडवून विचारलं. तेव्हा मला तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटला होता. ज्या माणसाच्या हातचं काम वाळूत गाडलं जातं आणि मग ते लोखंड दुसऱ्याच्या नावाची पाटी लावून बाजारात फिरतं, त्याला हा प्रश्न किती खोल बोचत असेल, हे कळायला मला अक्कल कुठे होती?

पुढे काही वर्षांनी, शतक उलटल्यावर, त्या कारखान्याचा मोठा वाढदिवस आला आणि स्मरणिका काढायचं ठरलं. मी तेव्हा मराठीची अध्यापक झाले होते. "माझी भाची झकास लिवती," असं मामांनीच साहेबांना सांगितलं आणि काम माझ्याकडे आलं. ऑफिसात काचेच्या कपाटात पंपाचं एक लोखंडी कवच ठेवलेलं होतं. त्याच्या पोटाला एक डौलदार फुगवटा. धाकट्या मालकांनी सांगितलं, हा परदेशातून आणलेला मूळ नमुना, यावरून आपला प्रसिद्ध पंप झाला. मी काय केलं? शब्दांची हौस भारी ना! "सातासमुद्रापलीकडून आलेल्या या नमुन्याला कोल्हापूरच्या मातीनं आपलंसं केलं," असं एक घोटीव वाक्य लिहून मोकळी झाले. स्वतःवर खूश होऊन छपाईचा कच्चा कागद मामांना दाखवायला नेला. पहिल्याच पानावर 'शब्दांकन' म्हणून माझं नाव होतं, ते त्यांनी आधी बघावं असं मला वाटत होतं.

मामांनी चष्मा लावून बोटानं ओळी वाचल्या. एका ओळीवर बोट थांबलं. "ह्ये तू लिवलंस?" त्यांचा आवाज इतका हळू मी कधीच ऐकला नव्हता. मग त्यांनी सांगितलं ते असं. मी शाळेत होते तेव्हा कुरुंदवाडच्या नदीकाठचे पंप सारखे तुंबायचे. पाण्याबरोबर पाला, गवत, उसाची चिपाडं आत यायची. मामा तिथं जाऊन आठवडाभर पंपाशेजारी बसले, तुंबलेला पंप रोज उघडून कचरा कुठं अडतो ते बघितलं आणि परत येऊन कवचाच्या पोटाला तो फुगवटा दिला. चार पॅटर्न जाळले, पाचवा बसला. थोरल्या मालकांनी पुढे ते पंप बाहेरदेशी विकले. तिथं कुणीतरी त्याची नक्कल केली, आणि थोरल्यांच्या मागं धाकट्यांनी ती नक्कल कुठल्याशा प्रदर्शनात बघून, हाच मूळ म्हणून विकत आणून कपाटात बसवली! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इथं ज्याच्या घरी चोरी झाली तोच चोराला हार घालत होता. आणि त्या हाराची फुलं मी गुंफली होती.

दुसऱ्या दिवशी मामा साधी पट्टी आणि मापाचा चिमटा घेऊन ऑफिसात गेले, मला बरोबर घेऊन. कपाट उघडायला लावलं. आपल्या पंपाच्या कवचाचा फुगवटा मोजला, बरोबर बारा इंच. काचेतल्याचा मोजला, एक सूत कमी. ओतल्यावर यंत्रावर तासून जिथं जिथं माप नेमकं केलं नव्हतं, तिथं तिथं त्याच हिशेबानं कमी. नक्कल करणाऱ्यानं आपलं कवच समोर ठेवून साध्या पट्टीनं पॅटर्न केला होता. लोखंड आकसतं हे तो विसरला होता. मामा म्हणाले, "साहेब, पोरगं बापापरीस उंच झालं तर चालतंय, पर ओतलेलं लोखंड नमुन्यापरीस मोठं हुईत न्हाय. बारकं ते मागनं आलं. आता सांगा, आधी कुठलं?" इतका लख्ख पुरावा मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

धाकटे मालक हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मिस्त्री, तुमचं अगदी बरोबर आहे. पण परदेशी नमुना म्हटलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं. आणि आता छपाईला गेलंय सगळं, काय मॅडम?" छपाईला गेलेलं नव्हतं. कच्चे कागद माझ्या पिशवीत होते, पेन माझ्या हातात होतं, एक ओळ खोडायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, "हो, गेलंय." का म्हणाले? मालक काम काढून घेतील आणि पहिल्या पानावरचं माझं नाव जाईल, म्हणून. एवढंच कारण. त्याला दुसरं कसलंही शोभिवंत नाव देण्यात अर्थ नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं, पट्टी पिशवीत घातली आणि वाटेत फक्त एवढंच म्हणाले, "नाव मातुर तुझं ठळक छापलंय हां." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते अजून सलतं.

काल संध्याकाळी एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीचा फोन आला. कोल्हापूरच्या पंपांवर ती काहीतरी लिहितेय. कारखान्याच्या नव्या इमारतीत आता संगमरवरी फलक आहे म्हणे, त्यावर परदेशी नमुन्याची गोष्ट कोरलीय. तिनं तिथं विचारलं, ही माहिती कुठून घेतली? ते म्हणाले, स्मरणिकेतून, ती एका प्राध्यापिकेनं लिहिलीय. आणि मी कुठून घेतली होती? त्यांच्याकडूनच! बघा, झालं की नाही चक्र पुरं? मी तिला सगळं खरं सांगितलं. ती अदबीनं म्हणाली, "मॅडम, याला छापील आधार आहे का काही?" पॅटर्न केव्हाच जळणात गेला होता. मी म्हणाले, नाही, पण आता होईल. आणि फोन ठेवल्या ठेवल्या हे लिहायला घेतलं. कालयंत्र मिळालं तर कुठल्या दिवशी, कुठल्या खुर्चीपाशी जायचं ते मला पक्कं ठाऊक आहे. पण ते मिळत नाही, आणि वीस वर्षं उशिरा का होईना, लिहिणं तेवढं हातात उरतं.

मामा आता पंच्याऐंशीच्या पुढे गेलेत. डोळ्यांनी दिसत नाही फारसं. आज सकाळी त्यांच्या खाटेशी बसून त्यांना हे इथपर्यंत वाचून दाखवलं आणि म्हणाले, "मामा, तुमचं संपूर्ण नाव घालते. ठळक." मला वाटलं होतं, ते खूश होतील. त्यांनी हातानंच मला थांबवलं. मग म्हणाले, "नगं. माझं घातलंस तर वाळू भरणाऱ्या दोघांचं बी घालाय पायजे. चार साचे फसलं, पर पाचव्यांदा परत भरलं त्यांनी, कुरकुर न्हाय केली. त्यांच्याबिगार कसला पंप? आणि मला आता त्यांची नावं आठवंनात, पोरी." मी कारखान्यात विचारते म्हणाले, तिथं कुणाला आठवणार होतं? काळ सगळं गिळतो म्हणायची आपल्याला सवय असते, पण काळाला काय पडलंय! ती नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, एवढंच खरं आहे. मामा डोळे मिटून आठवत राहिले, ओठ हलत होते, आणि मी पेन धरून थांबले होते.

म्हणून या लेखात कुणाचंच नाव नाही. मामांना आठवलं ते एवढंच: त्या दोघांतला एक आजऱ्याचा होता.